डार्टमूरचे दगडी बांध : साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जमीनवाटणी

मुरमाड

डार्टमूर म्हटलं की इथल्या लोकांना धुकं, दलदल आणि प्रिन्सटाउनचा तुरुंग आठवतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये असलेलं हे ग्रॅनाइटचं उघडं पठार. माथ्यावर खडकांचे ढिगारे, खाली मेंढ्या, गुरं आणि मोकाट फिरणारी तट्टं. मी एक्सेटरला राहतो, म्हणजे अगदी पायथ्याशी. पण आज लिहितोय ते निसर्गावर नाही, तिथल्या बांधांवर.

हिवाळ्यात रानातले नेचे वाळून आडवे झाले आणि ऊन तिरपं पडायला लागलं की उतारांवर रेघा दिसू लागतात. जवळ जाऊन पाहिलं तर गुडघ्याएवढी उंच, कुठे त्याहूनही कमी, गवताखाली दबलेली दगडांची लांबलचक ओळ. स्थानिक लोक तिला 'रीव्ह' म्हणतात. एक पाहिली की पुढे साधारण तेवढ्याच अंतरावर दुसरी, मग तिसरी, सगळ्या समांतर. मधूनमधून आडव्या छोट्या ओळी घालून त्या पट्ट्यांचे तुकडे पाडलेले. काही तुकड्यांत गोल घरांचे पाये.

यात मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट म्हणजे या रेघा जमिनीच्या चढउताराला जुमानत नाहीत. डार्ट नदीने पठारात चांगली खोल दरी कापलीय. डार्टमीटजवळची समांतर रेघांची मांडणी एका अंगाने त्या दरीच्या काठापर्यंत येते आणि पलीकडच्या अंगाला त्याच दिशेने पुढे सुरू होते. वरच्या बाजूला या सगळ्या रेघा एका लांब आडव्या बांधाला जाऊन थांबतात. त्याच्या वर मोकळं माळरान, तिथे वाटणी नाही. आणि समांतर पट्ट्यांशी संबंध नसलेले, एकेकटे धावणारे बांध वेगळेच. पश्चिम अंगाचा 'ग्रेट वेस्टर्न रीव्ह' दहा किलोमीटरहून जास्त लांब आहे.

काळ : इ.स.पू. १५०० च्या मागेपुढे, म्हणजे कांस्ययुग. लोखंड अजून यायचं होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी या ओळी पाहिल्या होत्या, पण त्यांना ते जुने रस्ते वाटले. नंतर लोकांचं लक्ष गोल घरांकडे आणि उभ्या शिळांकडे गेलं आणि या बांधांचा विषय मागे पडला. १९७० च्या दशकात शेफील्ड विद्यापीठाचे अँड्र्यू फ्लेमिंग पठारभर चालून हे बांध नकाशावर उतरवायला लागले, तेव्हा कळलं की हे सुटे बांध नाहीत, हजारो हेक्टर जमिनीची आखणी आहे. १९८८ मध्ये त्यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं.

आता प्रश्न. हे बांध इतके बुटके की गाय सहज ओलांडेल. शत्रू अडवायचा तर प्रश्नच नाही. मग एवढा दगड रचला कशासाठी? आणि एवढ्या सरळ रेघा आखायचं ठरवलं कोणी? माझं मत असं की बांध नंतर आला, आधी रेघ ठरली होती आणि ती सगळ्यांनी मान्य केली होती. तुम्हाला काय वाटतं?

चकली

मस्त विषय. खुर्ची टाकून बसले आहे.

तिरपागडे

सगळ्यांनी बसून ठरवलं वगैरे रम्य कल्पना झाली. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या रेघा सर्वानुमते ठरत नाहीत, आणि हे कांस्ययुगात हजारो हेक्टर! सरळ रेघ म्हटली की कोणीतरी हुकूम सोडणारा असतोच. राजा म्हणा, टोळीचा म्होरक्या म्हणा. जिथे जिथे जमिनीवर सरळ रेघ दिसते तिथे मागे सत्ता असते. रोमन लोकांचे रस्ते बघा.

मुरमाड

@तिरपागडे, फ्लेमिंगपुढेही हाच प्रश्न होता. पण डार्टमूरवर त्या म्होरक्याचं घर काही सापडत नाही. पठारावर सुमारे पाच हजार गोल घरांचे पाये माहीत आहेत. त्यात लहानमोठं आहे, पण 'हा वाडा, ही झोपडी' असा भेद करता येईल असं काही नाही. गोदाम नाही, तटबंदीची राजधानी नाही. ग्रिम्सपाउंडला एका मोठ्या दगडी कुंपणात चोवीस घरं आहेत, पण तीही एकमेकांसारखीच.

श्रीमंती नव्हती असं मात्र नाही. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिलवर पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीच्या) थरात एक दगडी पेटी उघडली. आत दहन केलेल्या माणसाची हाडं, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. सोबत विणलेली टोपली आणि दोनशेहून अधिक मणी, त्यात अंबरचे आणि कथिलाचेही. काळ बांधांच्या थोडा आधीचा. म्हणजे लांबून वस्तू आणवणारी माणसं इथे होती. पण त्यावरून जमीन त्यांच्या हुकमाने वाटली गेली असं कसं म्हणणार?

धुरेकरी

मी विदर्भातला शेतकरी, पुरातत्त्वातलं मला ओ की ठो कळत नाही, पण धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, कळतं.

एक, धुरा गाय अडवायला नसतोच. गाय अडवायला काटे लावतात किंवा राखण्या ठेवतात. धुरा माणसासाठी असतो. शेजाऱ्याने नांगराचं एक तास इकडे जास्त मारलं की तिथल्या तिथे दिसावं म्हणून. दरवर्षी वीतभर धुरा कोरणारे महाभाग सगळ्या गावांत आहेत, आणि मातीचा धुरा कोरता येतो. दगडाचा कोरून दाखवा!

दोन, सरळ रेघेला राजा लागत नाही हो. आमच्या आजोबांच्या शेताचे चार भावांत चार हिस्से झाले. चारही उभे पट्टे पाडले, वरच्या बरडापासून खाली नाल्याच्या काळ्या जमिनीपर्यंत. का? आडवे तुकडे केले असते तर एकाच्या वाट्याला सगळा बरड आणि एकाला सगळी काळी. उभ्या पट्ट्यात प्रत्येकाला थोडं बरड, थोडी काळी, आणि खाली नाल्याचं पाणी. पट्टे निमुळते झाले, बैल वळवायला त्रास होतो, पण भांडण नाही. तुमचे ते बांध चढउताराला न जुमानता वरून खाली जातात म्हणता, तर मला पहिल्यांदा हेच आठवलं.

मुरमाड

@धुरेकरी, तुमचा दुसरा मुद्दा अगदी मर्मावर आहे. फ्लेमिंगची मांडणी बऱ्यापैकी याच वळणाची आहे. त्यांच्या मते पठाराभोवती वेगवेगळे समूह राहत होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला खाली नदीकाठची जमीन, मधे बांधांनी वाटलेला पट्टा आणि वर सामाईक चराईचं रान असा उभा काप येत होता. दोन समूहांच्या चराईच्या रानांमधली हद्द सांगणारे बांध पाणलोटाच्या धारेवरून गेलेत.

फक्त एक फरक लक्षात घ्या. तुमच्याकडे चार भावांचं एक शेत होतं. इथे एकेक मांडणी काही किलोमीटर पसरलेली आहे. रिपन टॉरजवळची तर सगळ्यात मोठी.

टेकडीवरची

गुडघ्याएवढा बांध तेव्हाही गुडघ्याएवढाच होता का? साडेतीन हजार वर्षांत ढासळला असेल, त्यावर कुंपण असेल, झुडपं लावलेली असतील.

मुरमाड

रास्त शंका. ढासळलाय हे नक्की, पण आजूबाजूला पडलेला दगड मोजला तरी पुरुषभर भिंत उभी राहत नाही. होन मूरवर फ्लेमिंगच्या उत्खननात काही बांधांच्या खाली लाकडी खुंटांची भोकं मिळाली, म्हणजे दगडाच्या आधी त्याच रेषेवर लाकडी कुंपण होतं. माझ्या 'आधी रेघ, मग बांध' या म्हणण्याला आधार मुख्यतः इथून मिळतो. कुंपण कुजलं, रेघ राहिली, आणि मग कोणीतरी तिच्यावर दगड रचला.

गुरं होती का, तर त्याचा फार सुंदर पुरावा शॉ मूरला मिळाला. पठाराच्या त्या नैर्ऋत्य कडेला चिनी मातीच्या खाणी आहेत. खाणीचा राडारोडा टाकायला जागा हवी होती म्हणून १९७६ ते १९८० मध्ये तिथे जेफ्री वेनराइट यांच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन झालं. बांधालगतच्या चराच्या तळाशी जुना चिखल जसाच्या तसा टिकला होता, आणि त्या चिखलात खुरांचे ठसे! गाईगुरांचे, मेंढ्यांचे, घोड्यांचे, एका ठिकाणी बिजूचेही (बॅजर). बांधाच्या कडेने जनावरं हाकत नेली, पाऊस पडलेला होता, पाय रुतले. कुठल्याही तांब्याच्या कुऱ्हाडीपेक्षा मला त्या ठशांचे फोटो जास्त आवडतात.

चकली

बिजू!! बाकी सगळं विसरले तरी हे लक्षात राहणार.

खापरखुणा

छान चाललाय धागा. पुण्यात पुरातत्त्व शिकते, म्हणून दोन पैसे माझेही.

तिरपागडे आणि मुरमाड, तुमच्या वादाचा निकाल तर्काने लागणार नाही, सांधे पाहून लागू शकतो. दोन भिंती जिथे भेटतात तिथे कोणती आधीची हे दगड सांगतात. उभी भिंत आडवीला येऊन नुसती टेकलेली असेल, तर आडवी आधीची. दोन्हीचे दगड एकमेकांत गुंफलेले असतील, तर एका दमात बांधलेल्या. उभी आडवीच्या खालून पार जात असेल, तर उभी आधीची. सगळं एका हुकमाने किंवा एका बैठकीत ठरलं असेल, तर वरचा आडवा बांध आधी आणि बाकीचे त्याला टेकलेले, असा एकच क्रम पठारभर दिसायला हवा.

याच मुद्द्यावर २००५ मध्ये रॉबर्ट जॉन्स्टन यांनी वेगळं मत मांडलं. आराखडा कोणी काढलेलाच नव्हता, दिशा मात्र होती, असं थोडक्यात त्यांचं म्हणणं. वाटा, जुनी कुंपणं, आधीच्या पिढ्यांच्या खुणा यांनी जमिनीला एक कल दिलेला होता. नंतर येणारा प्रत्येक जण आपला तुकडा त्याच कलाने जोडत गेला. तुकड्या तुकड्याने वाढलेलं काम वरून पाहताना एका हाताने आखल्यासारखं दिसतं. पुढे हेलन विकस्टेड यांनीही डार्टमूरवर सविस्तर लिहिलं. त्यांचा रोख असा की जमीन वाटल्याने माणसांची नाती ठरतात, कोण कोणाचा शेजारी, कोणाचा कशावर हक्क. आपण उलटं धरून चालतो, की आधी मालक आणि मग हद्द.

धुरेकरी

जॉन्स्टनसाहेब बरोबर बोलले. मागे वळून जुन्या धुऱ्याकडे बघायचं आणि काठी रोवायची, रेघ सरळच निघते. माझ्या पट्ट्याचा धुरा सरळ आहे तो काय जिल्हाधिकाऱ्याने आखलाय?

मोजणीवाले_आप्पा

भूमिअभिलेखमधून निवृत्त झालो, तेव्हा बोलायला हरकत नसावी.

धुरेकरी, तुमचा धुरा तुम्हाला सरळ वाटतो. टेबल लावून मोजायला गेलं की कळतं किती सरळ ते! शेतकऱ्याने नजरेने धरलेली रेघ शे-दीडशे मीटरपर्यंत चांगली असते, पुढे ती हळूहळू सरकते, आणि दर पिढीला थोडी थोडी. म्हणून मला मुरमाडना एक विचारायचंय. दरीच्या अल्याडची आणि पल्याडची रेघ खरंच एका ओळीत आहे, की नुसती एका दिशेची? दोन्हींत फार फरक आहे. एकाच दिशेच्या रेघा दोन गावं आपापल्या परीने आखू शकतात, समोरचा डोंगर उघडा असला की त्याच्याकडे पाहून. एका ओळीत पाहिजे असेल तर समोरच्या काठावर माणूस उभा करून, हातवारे करून, खुंट्या मारून न्यावं लागतं. ते काम कसब असलेल्या माणसाचं.

तिरपागडे, सत्तेबद्दलही एक. आमच्याकडे साहेबाच्या काळात जमाबंदीची मोजणी झाली, गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट ठरला, नकाशे निघाले. तरी मोजणीदाराने बहुतेक जागी रेघ नवी आखली नाही. शेतात उभा होता तोच बांध मोजून कागदावर घेतला. सत्तेने नोंद केली, बांध लोकांचाच राहिला. सरळ रेघ सत्तेची, हे शहरातल्या प्लॉटवाल्यांचं शास्त्र आहे.

आणि बांधाच्या उंचीवर काही अवलंबून नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्दीचा मोठा भाग आहे. शिवेवर वड-पिंपळ लावा, आणि जमिनीखाली गुपचूप दगड, हाडं, गाईचे केस, भुसा, राख, खापऱ्या, वाळलेलं शेण, विटा, कोळसे, वाळू असं पुरून ठेवा, म्हणजे वरची खूण कोणी हलवली तरी खालची बोलेल. वाद झालाच तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, तांबडी वस्त्रं नि माळा घालून शीव दाखवायची. या सगळ्यात भिंत कुठेच नाही. हद्द माहीत असलेली चार माणसं जिवंत आहेत की नाहीत, हा खरा प्रश्न.

मुरमाड

आप्पा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दिशा एक आहे आणि मांडणी तीच पुढे चालू राहते असं नकाशावर स्पष्ट दिसतं. पण प्रत्येक बांध पलीकडच्या बांधाशी नेमका जुळतो असं म्हणणं धाडसाचं होईल. दरीच्या अगदी तीव्र उतारावर झाडी आहे. तिथे मांडणीत खंड आहेच. म्हणजे तुमच्या निकषाने 'एका दिशेच्या' या बाजूला पारडं झुकतं आणि जॉन्स्टनना बळ मिळतं, हे मान्य. पण वरचा आडवा बांध, ज्याच्या पलीकडे वाटणीच नाही, तो मला तुकड्या तुकड्याने वाढलेला पटत नाही. 'इथपर्यंत वाटायचं, याच्या वर कोणी बांध घालायचा नाही' हे एकट्यादुकट्याचं ठरवणं नव्हे. सामाईक रान राखायचं तर सगळ्यांना एकाच वेळी हात आखडावा लागतो. एकाने वर सरकवलं की दुसरा थांबत नाही.

शीव दाखवण्यावरून एक. १२४० मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या हुकमाने बारा सरदारांनी डार्टमूर फॉरेस्टची, म्हणजे शिकारीसाठी राखीव रानाची, हद्द फिरून नक्की केली. टेकड्या, झरे, दगड यांची नावं घेत घेत. नवी भिंत बांधली नाही. आजही काही गावांत लोक ठरावीक वर्षांनी जमून शीव चालतात.

तिरपागडे

बरं, पार्किंगचं उदाहरण मागे घेत नाही, पण आडव्या बांधाचा मुद्दा विचार करण्यासारखा. तरीही, 'सगळ्यांनी हात आखडला' त्याच्यामागे धाक नसेल कशावरून? धाकाला वाडा लागत नाही. देवाचा धाक असतो, जाणत्याचा असतो. गायरान कोणी ढापत नाही ते कायद्याच्या भीतीने नाही. (खरं तर हल्ली ढापतातच.)

धुरेकरी

हल्ली?? 😀

खापरखुणा

सत्तेचा विषय निघालाच आहे तर एक तुलना. साधारण याच काळात आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव वसलेलं होतं, ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं. तिथे दगड-मातीचा मोठा बंधारा आणि पाणी वळवायचा पाट मिळाला. पाच खोल्यांचं एक घर मिळालं, शेजारी धान्याचं कोठार, म्हणून ते गावप्रमुखाचं असावं असं उत्खनकांनी मांडलं. म्हणजे तिथे सामुदायिक काम आणि प्रमुखाचं घर दोन्ही एका गावात हाताला लागतं. डार्टमूरवर काम प्रचंड, प्रमुख गायब. मला या दोन जागा शेजारी ठेवून पाहायला आवडतं, कारण 'मोठं काम म्हणजे राजा' आणि 'राजा नाही म्हणजे सगळे समान' या दोन्ही घाईच्या उड्या टळतात.

शेतांच्या हद्दी मात्र इनामगावला शोधून उपयोग नाही. काळ्या मातीत नांगर थांबलेलाच नाही, बांध टिकणार कुठून? डार्टमूरचे टिकले कारण लोक निघून गेले.

टेकडीवरची

हो, हे विचारायचंच होतं. का गेले?

मुरमाड

थोडक्यात : हवा थंड आणि ओली होत गेली, जमीन आंबट झाली, वरच्या भागात पीट साचत गेलं. इ.स.पू. १००० च्या आसपास पठारावरची वस्ती बरीच ओसरली होती. सगळं हवामानावर ढकलावं की जमीन पिळून काढल्यावर असं होणारच होतं, यावर अजून तंटा आहे. जमीन तशीही मुख्यतः चराईचीच होती असं दिसतं. सतत नांगरलेल्या उतारावर माती घसरून खालच्या बांधाला साचते, तुमच्याकडे ताली भरतात तशी. डार्टमूरवर ती साठण फार थोडी. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर, म्हणजे मार्लबरोजवळ फायफील्ड डाउनवर जाऊन पाहा, तिथे जुन्या चौकोनी शेतांच्या कडा माणसाच्या उंचीच्या झाल्यात. ते खरे नांगरवाले.

टेकडीवरची

धन्यवाद. माझ्याकडून आयर्लंडची भर.

मेयो परगण्यात, अटलांटिकच्या कड्यावर केजी फील्ड्स आहेत. तिथे वर काही म्हणजे काही दिसत नाही, नुसतं पीटचं दलदली रान. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या शाळामास्तरांना जळणासाठी पीट कापताना तळाशी दगडांच्या ओळी लागायच्या. दगड पीटच्या खाली, म्हणजे पीट साचण्याआधी कोणीतरी रचलेले, एवढं त्यांनी ओळखलं. पुढे त्यांचे चिरंजीव शेमस पुरातत्त्वज्ञ झाले आणि त्यांनी ते सगळं शोधून काढलं. पद्धत इतकी साधी की हसू येतं. लांब लोखंडी सळई पीटमध्ये खुपसायची. ठराविक अंतराने खुपसत जायचं. सळई खोलवर गेली तर मूळ जमीन, मधेच 'टक्' झालं की भिंत. जिथे टक् झालं तिथे बांबूची काठी रोवायची. अशा काठ्यांच्या रांगांतून समांतर भिंती आणि शेतं उभी राहिली, न खणता. तिथल्या पर्यटक केंद्रावरचा माणूस तुमच्याही हातात सळई देतो. मी पण टक् केलं!

शेमस कॉलफील्डांनी काळ नवाश्मयुगाचा, इ.स.पू. ३५०० च्या आगेमागे सांगितला. अलीकडे अँड्र्यू व्हाइटफील्ड यांनी त्यावर शंका घेतली आहे. भिंती कांस्ययुगातल्या, म्हणजे डार्टमूरच्या जवळपासच्या असू शकतात असं त्यांचं म्हणणं. तिथला वाद चांगलाच रंगलाय.

नाना

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. डार्टमूर उघडं आहे म्हणून दिसलं, आयर्लंडात सळई. बाकी इंग्लंडात शेतं नांगरलेली असताना खालची जुनी शेतं कळतात कशी?

खापरखुणा

विमानातून! आणि याचं श्रेय ज्यांना जातं ते ओ. जी. एस. क्रॉफर्ड जन्माने मुंबईकर. १८८६ मध्ये ब्रीच कँडीला जन्मले. आई-वडील लवकर गेले, इंग्लंडात आत्यांनी वाढवलं. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करायचे. १९२० पासून ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे) पहिले पुरातत्त्व अधिकारी. हॅम्पशायरवरून काढलेले हवाई दलाचे फोटो त्यांना दाखवले गेले तेव्हा त्यांना शेतांच्या पुसट चौकटी दिसल्या, आणि ते कामच घेऊन बसले. १९२४ मध्ये अलेक्झांडर किलर यांच्याबरोबर वेसेक्सवर, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या त्या भागावर, विमान उडवून फोटो काढले.

तत्त्व सोपं. जुना चर भरून गेला तरी तिथली माती खोल आणि ओल धरणारी असते. कोरड्या उन्हाळ्यात बाकीचं पीक पिवळं पडतं तेव्हा चराच्या रेषेवरचं हिरवं आणि उंच राहतं. भिंत पुरलेली असेल तर उलट, तिच्यावरचं पीक आधी करपतं. जमिनीवर उभं राहून काही कळत नाही, वरून अख्खा नकाशा. आता लायडारमुळे (विमानातून लेसर सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात त्यामुळे) झाडीखालचंही दिसतं, पण दुष्काळी वर्षाची मजा वेगळी.

नाना

ब्रीच कँडीचा माणूस! आमच्या मुंबईला सांगतो.

तिरपागडे

एक राहिलंच. वेसेक्समध्ये मैलोगणती चर आणि बांध आहेत ते? ते तर संरक्षणाचेच ना? खंदक खणायचा, माती वर टाकायची.

मुरमाड

दिसायला तसे, पण मैलोन् मैल चर राखायला माणसं आणणार कुठून? सॅलिस्बरी प्लेनवर असे चर भरपूर आहेत आणि लष्कराच्या सरावाचं मैदान असल्याने नांगरापासून वाचलेत. बरेचसे इ.स.पू. १००० च्या आगेमागचे, नंतरही पुनःपुन्हा खणलेले. यातली चटका लावणारी गोष्ट अशी की काही चर जुन्या चौकोनी शेतांना सरळ कापत जातात. म्हणजे आधी छोटी छोटी शेतं होती, मग कोणीतरी ठरवलं की आता हे मोठे विभाग, आणि जुन्या बांधांची पर्वा न करता चर ओढला. बहुधा गुरांसाठी. क्वार्ली हिलला १९३८ मध्ये क्रिस्टोफर हॉक्स यांनी खणलं तेव्हा असे चर टेकडीवर येऊन भेटतात आणि वरचा किल्ला त्यांच्यानंतरचा, हे दिसलं. हद्द आधी, गढी मागून.

तिरपागडे, तुमचा हुकूम सोडणारा माणूस शोधायचाच असेल तर मी डार्टमूर सोडून इथे शोधेन. लोकांचे बांध मोडून रेघ ओढायला खरी सत्ता लागते.

तिरपागडे

हे मला चालेल.

धुरेकरी

समृद्धी महामार्गाची आठवण झाली. असो, अवांतर.

नाना

मुलगा ब्रिस्टलला असतो, डिसेंबरात जाणार आहोत. गुडघेदुखीवाल्याला हे बांध पाहता येतील का? डोंगर चढणं होणार नाही.

मुरमाड

नाना, डिसेंबर उत्तम. कोमस्टोन टॉरला गाडी लावा, खडक गाडीतळाला अगदी लागून आहेत. तिथून डार्टच्या पलीकडच्या उतारांकडे पाहा. ऊन तीनच्या सुमाराला पार खाली येतं, तेव्हा रेघा उठून दिसतात. दुपारी बाराला गेलात तर नुसतं गवत दिसेल आणि मला शिव्या द्याल. अलीकडच्या होन मूरवरचे बांध वेनफर्ड तलावाच्या रस्त्याजवळच आहेत, थोडं चाललात तर पाय लावता येईल. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ हा नकाशा घ्या. धुकं असेल तर गाडीतून उतरू नका, चेष्टा नाही. आणि नातवंडांना सांगा, एकही दगड उचलायचा नाही, संरक्षित आहेत.

मोजणीवाले_आप्पा

शेवटचा प्रश्न. माळरानावरचे बांध खाली आजच्या शेतांत उतरतात तेव्हा काय होतं? तिथे ते संपतात का?

मुरमाड

सगळे नाही. पठाराच्या कडेला काही ठिकाणी रीव्ह माळरानावरून खाली येतो आणि तीच रेघ पुढे आजच्या शेताचं दगडी कुंपण होते. मध्ययुगात आणि नंतर जे लोक पुन्हा वर सरकले त्यांनी रान साफ करताना जुनी ओळ आयती मिळाली म्हणून तिच्यावरच भिंत घातली. त्या शेतकऱ्याच्या दस्तात आज ती हद्द म्हणून नोंदलेली असणार.

मोजणीवाले_आप्पा

मग मला तो नकाशा पाहिजेच. मोठ्या प्रमाणावरचा, बांध नि आजची कुंपणं दोन्ही दाखवणारा. असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इथे लहान दिसतो.

मुरमाड

शनिवारी स्कॅन करून पाठवतो, आप्पा.